बाबली वल्हेकरी पळाला नव्हता!

"मी हे लिहिणार नाही!"

मनीषाने पेनाचं टोपण खटकन लावलं आणि कागदांचा गठ्ठा मास्तरांकडे सरकवला. वाचनालयातली सगळी माणसं चमकून तिच्याकडे पाहू लागली. कोपऱ्यात जुनी मासिकं चाळत बसलेला तिचा धाकटा भाऊ परेश तर उभाच राहिला. बारा वर्षांच्या मुलीने कृष्णनाथ मास्तरांना 'नाही' म्हटलेलं केरी गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं!

मे महिन्याची सुट्टी होती. गेल्या वर्षी तीस मेला गोवा घटक राज्य झालं होतं. त्याला आता वर्ष होणार म्हणून गावात मोठा कार्यक्रम ठरला होता आणि 'आमची केरी' नावाची स्मरणिका निघणार होती. ती मराठीत काढायची की कोंकणीत, यावर समितीत दोन महिने भांडण झालं. शेवटी अर्धी मराठीत, अर्धी कोंकणीत असं ठरलं आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या रुसून कामाला लागल्या. गावाचा इतिहास मास्तरांनी लिहिला होता. पण त्यांचं अक्षर लागत नाही म्हणून म्हापशाच्या छापखान्याने लेख परत पाठवला. म्हणून मोत्यासारखं अक्षर असलेल्या मनीषाला बोलावलं होतं. अकरा पानं तिने सुरेख लिहून काढली. बाराव्या पानावर तिचा हात थांबला.

"काय झालं? शब्द लागला नाही?" मास्तरांनी विचारलं.

"शब्द लागला, मास्तर. म्हणूनच थांबले." मनीषाने कागद उचलून मोठ्याने वाचलं, "'सन १९३४ साली पलीकडच्या जत्रेला जाणाऱ्या लोकांची होडी केरीच्या नदीत बुडून पाच जण मरण पावले. होडीचा मालक बाबली तारी हा दारूच्या नशेत होता. माणसे बुडत असता तो स्वतः पोहून पलीकडे गेला व फरारी झाला.' मास्तर, बाबली तारी माझे पणजोबा होते."

"ठाऊक आहे मला. पण इतिहास म्हणजे इतिहास. तो कुणाचा पणजोबा बघून लिहायचा नसतो."

"मग काय बघून लिहायचा असतो? हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचायचं कशाला? सगळा गाव सांगतो! माझ्या वडिलांकडून ऐकलंय मी."

"आमच्या घरात सांगतात की पणजोबा दारूला शिवत नव्हते. तेही लिहा ना मग!"

"तोंडी गोष्टी मी छापत नाही," मास्तर ठसक्यात म्हणाले.

"पण तुम्हीसुद्धा तोंडीच ऐकलंय!" परेश कोपऱ्यातून ओरडला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. ते वाईट नव्हते. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी अक्षरओळख करून दिली होती. मात्र आपलं काही चुकू शकतं, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आज बुधवार. उरलेली पानं मी स्वतःच हात सावरून लिहीन आणि शनिवारी सकाळी साडेदहाच्या बसने लेख घेऊन म्हापशाला जाणार. त्याआधी लेखी पुरावा आणा, सरकारी कागद! आणलात तर बदलीन. नाहीतर छापून येईल ते वाचायचं."

"आणू!" मनीषा म्हणाली. परेशचा हात धरून ती पायऱ्या उतरली.

घरी ओसरीवर तिचा आतेभाऊ निलेश फणसाचे गरे खात बसला होता. तो वास्कोचा. त्याचे वडील बंदरात कामाला होते आणि दर सुट्टीत तो केरीला येई. वय तेरा, चष्मा जाड आणि खिशात कायम एक छोटी वही. सगळं ऐकून त्याने गरा खाली ठेवला.

"म्हणजे आपले पणजोबा छापील पळपुटे होणार?"

"शनिवारपर्यंत आपण काही केलं नाही तर!"

त्यांचे आजोबा सगुण तारी परसात जाळं विणत होते. मुलं त्यांना 'आजो' म्हणत. होडी बुडाली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. मनीषाने विचारताच त्यांचे हात थांबले.

"त्या गजालीत पडू नकात," ते म्हणाले. "शाळेत माका पोरां 'पळपुट्याचो पूत' म्हणायची. चौथीत शाळा सोडलंय मी, ती त्याच कारणान. आई मरेसर कुंकू लावी. घोव जिवंत आसा, येतलो, असां सांगी. लोक हसत. आता परत ता सगळां कित्याक?"

"कारण ते आता छापून येणार आहे, आजो! नंतर माझी मुलंसुद्धा तेच वाचतील."

आजोंनी जाळं बाजूला ठेवलं. मग हलकेच म्हणाले, "माका फक्त त्येचो हात आठवता. उजव्या हाताक आंगठो नव्हतो. लहानपणी दोरात गावून तुटलेलो. माका उचलून घेई तेव्हा तो हात हंय लागायचो." त्यांनी आपल्या कुशीला हात लावला.

निलेशने वहीत लिहिलं, 'उजवा अंगठा नाही.'

"लग्न कुठे झालं होतं त्यांचं?" त्याने विचारलं.

"पेडण्याक नोंद केलेली. पोर्तुगिजांचो कायदो! देवाब्राह्मणासमोर झाला तरी कचेरीत जाऊन सांगूक लागे. सव्वीस साल आसतला."

"म्हणजे सरकारी कागद आहे!" परेशने टाळी वाजवली.

गुरुवारी सकाळच्या बसने तिघं पेडण्याला निघाली. आईने डब्यात पाव आणि तोंडल्याची भाजी दिली आणि दिवेलागणीच्या आत परत यायची शपथ घातली. कागद पोर्तुगीज भाषेत असणार हे निलेशला ठाऊक होतं. म्हणून ती आधी पेडण्यातच राहणाऱ्या कमलाक्षीबाय यांच्याकडे गेली. त्या निलेशच्या वडिलांच्या आत्या. पोर्तुगिजांच्या काळात शाळेत शिकवत. वय बहात्तर, पण चाल अशी की मुलांना मागे पळावं लागलं!

जुनं दप्तर ठेवलेल्या कचेरीत एक कारकून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

"जुनी नोंद? जूनमध्ये या."

"आम्हाला शनिवारच्या आत हवी आहे," मनीषा म्हणाली.

"मोठ्या माणसांना घेऊन या."

"मी काय लहान दिसते?" कमलाक्षीबाय पुढे झाल्या. कारकुनाने घाईघाईने पाय खुर्चीवरून खाली घेतले.

"तसं नाही, बाय. कुठलं साल?"

"एकोणीसशे सव्वीस. विवाहाची नोंद."

कारकून आत जाऊन दोन मिनिटांत परत आला. "ते पुस्तक नाही. वाळवीने खाल्लं."

"सगळं?"

"सगळं! सव्वीस साल संपलं."

मनीषा दाराकडे वळली. तेवढ्यात परेशने तिची बाही ओढली. तो पंख्यासमोर वारा घेत उभा होता. मेजावरचा पंखा उंच व्हावा म्हणून त्याच्याखाली तीन जाडजूड पुस्तकं रचली होती. मधल्याच्या पाठीवर सोनेरी आकडे होते.

"काका," परेश अगदी गोड आवाजात म्हणाला, "वाळवीने आकडे सोडून दिले वाटतं? हे बघा, एक, नऊ, दोन, सहा!"

कारकुनाचं तोंड उघडंच राहिलं. कमलाक्षीबायनी पंखा बंद केला, उचलून जमिनीवर ठेवला आणि पदराने पुस्तकावरची धूळ पुसली.

तासभर त्या पानं उलटत होत्या. मुलं तिन्ही बाजूंनी वाकून उभी होती. अचानक त्यांचं बोट थांबलं. "बाबली तारी! वय बावीस, राहणार केरी. वधू प्रभावती, वय सतरा. वराचा धंदा... रेमादोर."

"म्हणजे होडीचा मालक?"

"छे! रेमादोर म्हणजे वल्हेकरी. वल्ही मारणारा मजूर. मालक असता तर 'पात्रांव' लिहिलं असतं. आणि ऐका, वराला लिहिता येत नाही, सबब डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, कारण उजवा अंगठा नाही."

पानाच्या तळाशी निळसर काळा ठसा होता. बासष्ट वर्षांपूर्वीचा. मनीषाला वाटलं, हात लावला तर तो अजून ओला लागेल. तिने हात लावला नाही.

"मास्तरांची पहिली चूक सापडली!" निलेशने वहीत दोन रेघा ओढल्या. "होडी त्यांची नव्हतीच. बाय, आता १९३४चे मृत्यू बघूया."

ते पुस्तक कपाटात जागेवर होतं. डिसेंबर महिन्यात केरीची पाच नावं लागोपाठ होती. सगळी बुडून मेलेली. बाबली तारी हे नाव मात्र नव्हतं. त्या वर्षी नव्हतं, पुढच्या वर्षीही नव्हतं.

"म्हणजे मेला नाही," कारकून आता मदतीच्या सुरात म्हणाला. "मेला नाही म्हणजे पळालाच की!"

त्याने विवाहाच्या नोंदीची नक्कल शिक्का मारून दिली. पण परतीच्या बसमध्ये डब्यातला पाव तसाच राहिला.

केरीच्या धक्क्याजवळ पांडुरंगकाका होडी उलटी करून तिला तेल लावत होते. आजोंचे ते जुने मित्र. उभ्या जन्मात त्यांनी मासेमारीशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

"तोंडां कित्याक अशी?" त्यांनी विचारलं.

मनीषाने सगळं सांगितलं. पांडुरंगकाकांनी तेलाचा बोळा खाली ठेवला. "जत्रेचो दिवस म्हणजे मार्गशीर्ष. त्या दिसांनी पाणी वर ओढता. उत्तरेक. माझां जाळां एकदा हंय सुटलेलां, ता तिसऱ्या दिसा रेडीच्या वेळेर गावलां."

"रेडीच्या किनाऱ्यावर?" निलेशने चष्मा सावरला. "रेडी तर महाराष्ट्रात!"

"तेव्हा महाराष्ट्र खंय होतो? सावंतवाडीच्या राजाचां राज्य. हंय पोर्तुगीज, थंय दुसरांच. मदी नाको, बंदूकवाले शिपाय. भावाक भावाकडे जाऊक परवानगी लागे."

मनीषा एकदम उभी राहिली. "मग मेलेला माणूस काय नाक्यावर परवानगी काढून परत येणार होता? निलेश! आपण चुकीच्या राज्यात शोधतोय!"

शुक्रवारी सकाळी तिघं पहिल्या फेरीबोटीने नदीपलीकडच्या तेरेखोलला उतरली. किल्ल्याकडे पाठ करून त्यांनी रेडीचा रस्ता धरला. उन्हाने डांबर पाघळलं होतं. खनिजाचे ट्रक लाल धूळ उडवत जात होते, आणि तासाभराने तिघांचेही केस तांबडे झाले. "आता आपल्याला आजो पण ओळखणार नाहीत," परेश खोकत म्हणाला.

रेडीत जुन्या मृत्यूच्या नोंदी कुठे असतील, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "संस्थानच्या काळात पोलीस पाटील वही ठेवीत. त्यांच्या घरी विचारा. त्यांचे चिरंजीव सदाशिव आबा आहेत. पण म्हातारा कडक आहे हां!"

दार वत्सलाकाकींनी उघडलं. त्या सदाशिव आबांच्या सूनबाई. तांबडी मुलं बघून त्यांनी आधी पाणी दिलं, मग कोकमाचं सरबत. आबा आत झोपाळ्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, ताठ आणि कपाळावर आठ्या.

"सरकारी दप्तर पोरांच्या हातात देत नसतात," ते गरजले.

"हातात देऊ नका. तुम्हीच वाचा," मनीषा म्हणाली. "आम्हाला फक्त ऐकायचंय."

"आणि तुमच्या मनासारखं नसलं तर? पळाला असंच लिहिलेलं निघालं तर?"

असा विचार मनीषाने केला नव्हता. "तर मी मास्तरांचा लेख जसाच्या तसा लिहून देईन," ती म्हणाली. "पण आधी बघेन."

आबांच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. "सूनबाई, ती लोखंडी पेटी काढा."

वह्या मोडी लिपीत होत्या. ओळीच्या ओळी, कुठे पेन न उचलता लिहिलेल्या. मुलांना त्यातलं एक अक्षर कळेना! आबांनी भिंग घेतलं. शके अठराशे छप्पन, मार्गशीर्ष महिना. कुणाचं मरण साप चावून, कुणाचं तापाने. पान उलटलं आणि आबांचा आवाज हळू झाला.

"'बेवारस पुरुष. समुद्रकाठी मिळाला. पोर्तुगीज हद्दीतला असावा. वय अजमासे तीस. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून नाही, जखम जुनी...'"

"अंगठा!" परेश किंचाळला. निलेशने त्याचं तोंड दाबलं.

"'...कमरेस काथ्याचा दोर बांधलेला, दुसरे टोक तुटलेले. बाई नामे तारा, राहणार येथीलच, हिने मयतास पाहून जबानी दिली की, मी त्या होडीत होते. बारा माणसांच्या होडीत मालकाने बावीस घातली. वल्हेकरी म्हणाला, इतकी नेत नाही, बुडेल. मालकाने ऐकले नाही, आणि आपण काठावर राहिला. मध्यावर होडी कलंडली. वल्हेकऱ्याने दोराचे एक टोक खडकास बांधले, दुसरे आपल्या कमरेस, आणि माणसे एकेक ओढून खडकावर घातली. मी चौथी. सात जणांस काढले, सगळी आम्ही या बाजूची. आठव्यास गेला तेव्हा दोर तुटला. नाव ठाऊक नाही.'"

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली होती. वत्सलाकाकींनी पदर डोळ्याला लावला.

"अजून आहे," आबा म्हणाले. "माझ्या वडिलांचं अक्षर. 'पलीकडे वर्दी देण्यास माणूस पाठविला. नाक्यावरून परत लावला. सबब प्रेतास येथेच अग्नी दिला.'"

मनीषाला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकदम! काठावर राहिलेल्या मालकानेच ती पळाल्याची गोष्ट उठवली असणार. चोपन्न वर्षं हा कागद इथे पेटीत होता आणि नदीच्या पलीकडे आजो 'पळपुट्याचो पूत' होऊन जगत होते. मधे अंतर किती? दोन तासांची वाट.

"आबा, ही वही उद्या साडेदहाच्या आत केरीला यायला हवी."

"वही या घराबाहेर जाणार नाही."

"मग आमच्या गावात एक खोटी गोष्ट छापून येईल! तुमच्या वडिलांनी माणूस पाठवला होता ना? त्याला नाक्यावरून परत लावला. आता नाका नाही, आबा. आता कोण अडवतंय?"

आबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग भिंग खिशात टाकलं.

"वही माझ्या मांडीवरून हलणार नाही," ते म्हणाले. "सबब मलाच यावं लागेल. उद्या सकाळी आठला या."

शनिवारी सकाळी परेशला केरीतच ठेवलं. "काहीही झालं तरी मास्तरांना बसमध्ये चढू द्यायचं नाही," मनीषाने बजावलं.

"मी? मास्तरांना? कसं?"

"ते तुझं तू बघ!"

निलेश आणि मनीषा पहाटेच रेडीला गेली. एका ओळखीच्या टेम्पोत आबांना पुढे बसवलं. मेणकापडात गुंडाळलेली वही त्यांच्या मांडीवर. साडेनऊला सगळे तेरेखोलच्या धक्क्यावर आले आणि बघतात तर काय! ओहोटी लागली होती. फेरीबोट पलीकडे केरीच्या बाजूला वाळूत रुतून बसली होती!

"पाणी चढल्याशिवाय सुटायची नाही," धक्क्यावरचा माणूस म्हणाला. "अकरा तरी वाजतील."

निलेश मटकन खाली बसला. मनीषा मात्र धक्क्याच्या टोकाला धावली. दूर नदीत एक होडी दिसत होती. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"पांडुरंगकाकाऽऽ!"

तीन हाकांनंतर होडी वळली. पांडुरंगकाका आले. आबांना दोघांनी धरून होडीत बसवलं. "एकट्यान वेळ लागतलो," काका म्हणाले. "पाणी भायर ओढता."

"दुसरं वल्हं मला द्या!"

"तुका जमतला गो?"

"वल्हेकऱ्याची पणती आहे मी!" मनीषा म्हणाली.

पहिल्या दहा हातांत तिचे तळवे सोलवटले. होडी तिरकी व्हायला लागली की काका ओरडत, "दाब! दाब बाय!" आणि ती दाबायची. निलेश डोळे मिटून आबांचा दंड घट्ट धरून बसला होता. "आबा, भिऊ नका हां," असं तो सारखं म्हणत होता. आबा अजिबात भीत नव्हते!

इकडे सव्वादहालाच कृष्णनाथ मास्तर पिशवी घेऊन बसथांब्यावर उभे होते. परेश घाम पुसत समोर आला. त्याने रात्रभर डोकं खाजवून एक युक्ती शोधली होती.

"मास्तर, एक शंका. आमच्या बाई म्हणाल्या की 'विद्यालय' हा समास आहे, संधी नाही."

मास्तर ताडकन वळले. "काय म्हणाल्या?"

"आणि ज्याला संधी म्हणतात त्यांचं व्याकरण कच्चं, असंही म्हणाल्या."

"कच्चं? अरे, विद्या अधिक आलय! दोन्ही आहे ते! संधीही आहे आणि समासही! ये इकडे. बस इथे!" मास्तरांनी पिशवी खाली ठेवली, काडी उचलली आणि थांब्याच्या मातीत लिहायला सुरुवात केली. बस आली. वाहकाने दोनदा घंटी मारली. "जा तुम्ही, जा!" मास्तर हात हलवत म्हणाले, "इथे महत्त्वाचं चाललंय!" परेशने गेलेल्या बसकडे पाहून सुस्कारा टाकला आणि निष्पाप चेहऱ्याने विचारलं, "मास्तर, मग 'हिमालय' काय?"

'हिमालया'वरून 'देवालया'वर येईपर्यंत धक्क्याच्या बाजूने चार माणसं धापा टाकत आली. त्यांतलं एक ऐंशी वर्षांचं होतं. थांब्यावर गर्दी जमली. मास्तरांना तेव्हा कळलं की बस गेली!

"मास्तर, लेखी पुरावा," मनीषा म्हणाली आणि पेडण्याची नक्कल त्यांच्या हातात दिली. "धंदा, वल्हेकरी. मालक नाही. उजवा अंगठा नाही. शिक्का आहे. आता हे आबा वाचतील ते ऐका."

सदाशिव आबांनी थांब्याच्या बाकावर बसून वही मांडीवर उघडली. सगळी नोंद त्यांनी सावकाश वाचली. 'प्रेतास येथेच अग्नी दिला' या वाक्यानंतर त्यांनी वही मिटली.

"मोडी मला येत नाही," मास्तर अडखळत म्हणाले. "हे... हे बरोबर वाचलंय कशावरून?"

"शब्दाला शब्द लावून दाखवतो," आबा म्हणाले. "बसा शेजारी. तुम्ही मास्तर ना? शिकाल दोन दिवसांत."

मास्तर खरंच शेजारी बसले. आबा बोट ठेवत गेले आणि मास्तर एकेक अक्षर विचारत गेले. 'अंगठा' या शब्दाशी ते थांबले. एकदा वहीकडे, एकदा नक्कलेकडे त्यांनी पाहिलं. मग चष्मा काढला.

"दोन राज्यं, दोन लिप्या, आणि माणूस एकच," ते पुटपुटले. त्यांनी पिशवीतून लेख काढला आणि बाराव्या पानावर आडवी रेघ मारली.

"नुसतं खोडून नाही चालणार," मनीषा म्हणाली. ती मागे हटली नाही. "जे झालं ते लिहायला हवं. दोर, सात माणसं, सगळं."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पोरी, आता पुरे!" पण मास्तरांनीच हात वर केला.

"तिचं बरोबर आहे. चूक माझी. न बघता लिहिलं, आणि माझ्या वडिलांनी न बघता सांगितलं. हे पान तू लिही, मनीषा. तुझ्या शब्दांत. खाली नावं तुम्हा तिघांची. मी सोमवारच्या बसने जाईन." मग परेशकडे वळून ते म्हणाले, "आणि तू! 'विद्यालया'बद्दल तुझ्या बाई खरंच तसं म्हणाल्या?"

परेश निलेशच्या मागे लपला.

तेवढ्यात लोक बाजूला झाले. आजो आले होते. पांडुरंगकाका मधेच धावत जाऊन त्यांना परसातून तसेच घेऊन आले होते. हातात अजून जाळ्याचा दोरा होता. आबांनी त्यांच्यासाठी ती नोंद पुन्हा वाचली. आजोंनी ऐकलं. ते रडले नाहीत. एवढंच विचारलं, "आग कोणी दिली?"

"माझ्या वडिलांनी," आबा म्हणाले. "मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. लाकडं मीच रचली होती. नाव कळलं नाही याची हळहळ वडिलांना होती."

आजोंनी वाकून त्यांचे पाय धरले. आबांनी त्यांना वर ओढलं आणि मग ते दोघे म्हातारे बसथांब्याच्या त्या बाकावर शेजारी शेजारी बसले.

तीस मेला शाळेपुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पेडण्याहून कमलाक्षीबाय आल्या, रेडीहून आबा आणि वत्सलाकाकी आल्या. सरपंचांनी स्मरणिका उघडून बारावं पान दाखवलं. "या मुलांनी आम्हा मोठ्या माणसांना शिकवलं," ते म्हणाले. "एखाद्याबद्दल बोलण्याआधी कागद उघडून बघायचा असतो. आम्ही चोपन्न वर्षांत बघितला नाही. यांनी तीन दिवसांत बघितला!"

टाळ्या थांबेनात. मास्तरांनी स्वतः पुढे येऊन जाहीर केलं की स्मरणिकेतले उरलेले लेखही त्यांनी पुन्हा तपासून घेतले आणि त्यांत आणखी चार चुका निघाल्या. "तीन माझ्या," ते म्हणाले, "आणि एक छापखान्याची!" मांडव हसून हसून लोळला.

मग सरपंचांनी आजोंना चार शब्द बोलायला बोलावलं. आजो कधी व्यासपीठावर चढले नव्हते. ते चढले, ध्वनिक्षेपकाकडे संशयाने पाहिलं आणि समोरच्या सगळ्या गावाकडे बघत ताठ उभे राहिले.

"मी सगुण," ते म्हणाले. "बाबली वल्हेकऱ्याचो पूत."

आणि खाली उतरून नातवंडांच्या रांगेत येऊन बसले.